पट गुडघ्यानं वाचत नाही

तालमीतला
काल एका जिमवाल्या सरांची पोस्ट वाचली. म्हणे, कुस्तीवाला पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, खाली आला की तोंडावर गुडघा घालायचा, विषय संपला. एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतीत, उतरणाऱ्या पोरांनी कुस्तीत वर्षं घालवू नयेत, पट आला की पाय मागे फेकायला महिन्याभरात येतं. खाली शेकडो पोरं ‘बरोबर सर’ म्हणतायत. त्यातली काही उद्या खरंच कुणासमोर उभी राहतील, म्हणून सविस्तर लिहितो.

पट काढणारा नुसता वाकून धावत येत नाही. आधी मानेवर हात टाकतो, मनगट ओढतो, डोकं खाली दाबतो. तुम्ही मान वर करायला जोर लावला की तो खाली गेलेला असतो. त्या वेळी गुडघा उचलायचा म्हणजे एका पायावर उभं राहायचं, आणि त्याला तर एकच पाय हवा असतो.

पट वाचतो, म्हणजे अडवला जातो, तो हातावर आणि कपाळावर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, तळहात त्याच्या खांद्यावर, कपाळ त्याच्या कपाळाला भिडलेलं. ते चुकलं तर पाय मागे. तेव्हासुद्धा कंबर खाली पडली पाहिजे, सगळा भार त्याच्या मानेमागे आला पाहिजे. नवीन पोरं पाय मागे टाकतात आणि ढुंगण वर ठेवतात. तो गुडघ्यावर रांगत आत येतो आणि पोत्यासारखं उचलतो. पाय सापडलाच तर वरून त्याच्या काखेत हात घालून दंड उचलायचा, दुसऱ्या हातानं डोकं बाहेर दाबायचं आणि एका पायावर नाचत राहायचं. हे महिन्यात येत नाही. रोज कुणीतरी खरोखर पट काढणारा समोर लागतो.

ठाणे_किकबॉक्सर
कुस्तीवाल्यांना आपल्या खेळाबाहेरचं दिसत नाही. जुलै 2019, एमएमएची यूएफसी 239 स्पर्धा. बेन आस्क्रेन, 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेला कुस्तीगीर. हॉर्हे मासविदाल धावत आला, उडी मारून गुडघा घातला, पाच सेकंदांत आस्क्रेन बेशुद्ध. कुठे गेलं मनगट आणि कुठे गेली मान? यूएफसीचा जुना विजेता चक लिडेल तर सगळी कारकीर्द उभ्यानं लढला. कितीतरी कुस्तीवाले त्याच्या पायाला लागले आणि ठोसे खाऊन घरी गेले.

तालमीतला
लिडेलचं नाव घेतलंस ते बरं झालं. तो कॅलिफोर्नियात कॉलेजकडून कुस्ती खेळलाय. त्याला खाली पाडता येत नव्हतं, कारण त्याला पट काढताही येत होता आणि तोडताही. हे त्या जिमवाल्या सरांनी पोरांना सांगितलं का?

आस्क्रेनचं मान्य. पण तो हात न लढवता लांबून डोकं खाली घालून आला. असा आलास तर आमचे वस्तादही कानफटात देतील. आणि मासविदालला तो गुडघा आयत्या वेळी सुचला नव्हता, सरावात घोटलेला होता.

ठाणे_किकबॉक्सर
म्हणजे गुडघा चालतो. एवढंच म्हणत होतो.

दुसरं. तुमचा कपाळाला कपाळ लावलेला, कमरेत वाकलेला पवित्रा मुक्क्यांच्या खेळात घेऊन दाखवा. आमच्याकडे सांगलीकडचा एक पैलवान आला होता. अंगानं दणकट, कान मोडलेले. पहिल्याच दिवशी तसाच वाकून उभा राहिला आणि खालून आलेल्या अपरकटनं नाक फुटलं. पुढे त्यानं आमच्यातल्या प्रत्येकाला पाडलं, नाकारत नाही. पण त्याआधी त्याला उभं राहायला आम्ही शिकवलं. डोकं वर, वजन दोन्ही पायांवर, ठोसा मारून झाल्यावर पाय एका रेषेत अडकलेले नकोत. तुमच्या वर्णनात ठोसा मारणारा माणूसच नाही.

तालमीतला
पवित्र्याचं बोललास ते खरं आहे. पण प्रत्येकाला पाडलं हे वाक्य तू मधेच पुरलंस, ते आधी लिहायला पाहिजे होतं.

गादीवाला
मी दोघांच्या मधे पडतो. मातीतल्या पैलवानानं जगाला पट वाचवायला शिकवावं हेच मला पटत नाही. जत्रेच्या मैदानात पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नाही. पट निघाला तर पैलवान निवांत पोटावर पडतो, हातपाय पसरून माती धरतो, पंच परत उभं करतात. पट निघाल्याची किंमतच नाही, तर तो वाचवायला शिकेल कोण? गादीवर, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, समोरच्यानं पाडून ताबा घेतला की दोन गुण गेले. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती संपली. मातीत पाय रुततो, पट हळू येतो; गादीवर तोच दुप्पट वेगानं येतो.

बजरंग पुनिया बघा. लहानपण मातीत गेलेला, दमाला तोड नाही, पण सगळं जग त्याचे पाय धरायचं. टोकियो ऑलिम्पिकला 65 किलोच्या उपांत्य फेरीत अझरबैजानच्या हाजी अलियेवनं 12-5 नं कुस्ती घेतली, ती पायांवरच. कांस्य आलं म्हणून आपण ते विसरलो.

गंगावेश_गल्ली
आली गादीवाल्यांची नेहमीची रड. खाशाबा कुठून आले? गोळेश्वरच्या मातीतून. 1952 ला हेलसिंकीत पदक आणलं तेव्हा तुमच्या गाद्या किती होत्या महाराष्ट्रात? मारुती माने 1962 ला जाकार्ताच्या आशियाई खेळांतून सुवर्ण घेऊन आले, ते कुठल्या गादीवर घडले? मातीत घोटलेली मान आणि कंबर असली की पट काढणारा आदळून परत जातो. ज्यांनी उभ्या आयुष्यात आखाडा खणला नाही, त्यांनी मातीबद्दल बोलू नये.

गादीवाला
आखाडा मीही खणलाय. हळद, ताक, तेल घालून माती मळायचं काम लहानपणी आमच्याकडेच असायचं. तुम्ही कोण मला विचारणार?

खाशाबांचं अर्धंच सांगताय. 1948 ला लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, सहावे आले. गादीवरच्या कुस्तीची तयारी करून गेले तेव्हा कांस्य आलं. मातीनं ताकद दिली, हे मी कधी नाकारलं? पट वाचवायला मातीनं शिकवलं नाही, एवढंच म्हणतोय.

गंगावेश_गल्ली
खाशाबांचा ढाक हा डाव मातीतला. समोरचा पायाला हात घालायला आला की मान आणि हात धरून ढाकेवर आपटायचा. पटाला याहून चांगलं उत्तर तुमच्या गादीनं दिलंय का? तुम्हाला नुसतं वाचवायचं असतं, आम्हाला उलटवायचं असतं. आणि गादीवरच्या सहा मिनिटांच्या कुस्तीवरून मातीतल्या दमाला नावं ठेवू नका.

गादीवाला
दमाला नावं कुणी ठेवली? परत वाचा. बजरंगच्या दमाला तोड नाही असं मीच लिहिलंय.

पैलवानीण
मूळ विषय राहिला बाजूला. माती की गादी हे भांडायला तुम्हाला दोन्ही मिळाल्या. आमच्या तालुक्यात मुलींना आखाड्यात पायही ठेवू देत नव्हते, आणि गादी होती ती मुलांची सुटायची वाट बघून मिळायची. महाराष्ट्र केसरी 1961 पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा 2023 ला सांगलीत झाली. मधल्या 62 वर्षांत कुणाला पोरींची मान आणि कंबर आठवली नाही.

आता पटाबद्दल. शाळांमधून मुलींची स्वसंरक्षण शिबिरं होतात. मनगट सोडवा, डोळ्यात बोट घाला, गुडघा मारा, संपलं. त्या जिमवाल्या सरांची पोस्ट म्हणजे त्याच शिबिराची थोरली आवृत्ती. अशा एका शिबिरात मी मदतीला होते. शिकवणाऱ्यांना म्हटलं, सर, मी कमरेला मिठी मारून पाडायला येते, तुम्ही गुडघा घाला. ते हसून तयार झाले. मी आधी त्यांचा हात खाली ओढला, आत गेले, दोन्ही मांड्या मिठीत घेऊन खांद्यानं पोट दाबलं. गुडघा उचलायच्या आत ते चटईवर बसले होते. मुली गप्प झाल्या. आयोजकांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, असं सगळ्यांसमोर करायचं नसतं. पुढच्या शिबिराला बोलावलं नाही.

मला वाईट त्या मुलींचं वाटतं. त्यांनी गुडघ्यावर विश्वास ठेवला असता. हात पुढे कसा ठेवायचा, कंबर मागे कशी टाकायची, खाली पडलं तर पाठीवरून कुशीवर वळून आधी गुडघ्यावर कसं यायचं, एवढं तरी त्यांना एकमेकींसोबत जोर लावून करून बघायला मिळायला हवं होतं.

ठाणे_किकबॉक्सर
ताई, हे वाचून सरांच्या पोस्टची बाजू घेणं सोडतो. गुडघ्याची नाही. हात आधी अडवायला शिकवा, गुडघा त्यानंतर, एवढ्यावर मी थांबतो.

तालमीतला
हे पहिल्याच उत्तरात म्हणाला असतास तर एवढं टाइप करावं लागलं नसतं.

गंगावेश_गल्ली
ताईंचं खरं आहे. आमच्या गल्लीतल्या तालमीत मुली नाहीत, हे चूकच आहे. पण त्याचं खापर मातीवर फोडू नका, ते माणसांवर फोडा.

पैलवानीण
माणसांवरच फोडतेय.

गादीवाला
मग जत्रा कमिट्यांनी एक करावं. पट काढून ताबा घेतला की गुण लावावा, पहिल्या मिनिटापासून. पोरं आपोआप पाय वाचवायला शिकतील.

गंगावेश_गल्ली
आणि गुण मोजत बसलेली कुस्ती बघायला गावातलं कोण येणार? लोक पाठ लागलेली बघायला येतात. तुमच्या दोन गुणांवर हलगी वाजत नाही.