मुलं मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, तुटतात ती म्हणे आईबापांमुळे!

रविवारी ड्यूटीवर
परवा इथल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं होतं की संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, ओस पडण्याला फक्त पालक जबाबदार. शनिवारी रात्री मॉल, रविवारी सकाळी क्लास, आणि पोरगं विशीत देवाला विसरलं की पाळकसाहेबांच्या नावानं बोटं मोडायची. खाली आमेनांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी नर्स आहे, सोळा वर्षं. महिन्यातले दोन रविवार ड्यूटी. आपल्या मंडळ्यांत दर दुसऱ्या बाकावर एक सिस्टर बसलेली असते, हे लिहिताना आठवलं नाही का? नवरा फिरतीवर. पोरीला चर्चमध्ये सोडायला माझी सासू गुडघे धरत रिक्षातून जाते.

आणि तिथं पोरगी करते काय? लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवतात त्या मागच्या खोलीत दीड तास नोहाचं तारू रंगवते. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून जिराफाची मान उडालीय. तिसऱ्या वर्षी तिनं तो घोडा समजून तपकिरी रंगवला, त्यावर 'व्हेरी गुड'चा स्टिकर मिळाला.

मागच्या महिन्यात शाळेत तिला कुणी विचारलं, "तुझं आडनाव तर आमच्यासारखंच, मग तू ख्रिश्चन कशी? तुम्ही इंग्रज होता का?" रडत घरी आली. ह्यावर धडा आहे कुठल्या पुस्तकात? पुस्तकात पिवळ्या केसांची मुलं बर्फात खेळतायत. सोसायटीच्या गणपतीत मोदक हातावर पडला तर काय करायचं, ह्यावर आहे?

खरी गोष्ट अशी, की मोठ्यांच्या प्रवचनात चुळबुळ नको म्हणून मुलांना उपासनेच्या वेळीच मागं कोंडतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं घेण्याचा विधी, उरकलं की एकदम बाकावर. कधी उठायचं, कधी बसायचं, पुस्तकातलं कुठलं पान, काही ठाऊक नाही. आधी आत घेतलं कधी, की बाहेर गेली म्हणून आता रडायचं?

जुना नगरवाला
तो ज्येष्ठ मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

बायबलातलं अनुवाद ६ काढा. घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता मुलांना सांगत जा. टीचरवर सोपवून मोकळे व्हा असं त्यात कुठं आहे? माझी आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. अक्षर येत नव्हतं. चूल विझली की कंदिलाजवळ आम्हा पाच भावंडांना बसवून भजनं म्हणायची, आम्ही मागून. आज सत्तरीतही एक ओळ चुकत नाही. तिला कुठली सुट्टी होती? ड्यूटी आठ तासांची असते बाई. उरलेले सोळा?

रविवारी ड्यूटीवर
त्या सोळांत झोपायची परवानगी आहे ना? नाइट करून आल्यावर डबा, कपडे, सासूचं इन्सुलिन, पोरीचा गृहपाठ. तुमच्या आईला माझा दंडवत. पण एक सांगा, कंदिलाजवळ तुमचे वडील कुठं होते?

संडे स्कूल टीचर, २२ वर्षं
जिराफाची ती झेरॉक्स मी काढते. स्वतःच्या पैशानं. चर्चला नवीन स्पीकर आले, बाहेर पेव्हर ब्लॉक आले, आणि आम्ही खडू मागितले तर वडीलमंडळ, चर्चचा कारभार बघणारं, म्हणालं, पुढच्या मीटिंगला बघू. ते 'पुढच्या' आता दीड वर्ष झालं.

पालकांबद्दल मात्र ज्येष्ठ म्हणतात त्यात तथ्य आहे. वर्ग नऊला, पोरं येतात साडेनऊला, अर्धी झोपेत. सुवर्णवचन, बायबलातली एक ओळ, पाठ करून आण म्हटलं तर आईच फोन करते, "टीचर, युनिट टेस्ट आहे, सोडा ना ह्या वेळी." आज काय शिकलास, असं एकानं तरी घरी विचारलंय? गाडीत बसायच्या आत हातात मोबाईल.

चित्राचं मान्य. मान गेली आहे.

तबलजी
मुलं जातात ती त्या ड्रमसेटमुळे. पेटी-तबला कपाटात, कपाटाची किल्ली हरवलेली. नारायण वामन टिळकांनी अभंगात ख्रिस्त गायला, आणि आपली पोरं डोळे मिटून इंग्रजीत हेलकावे खातायत. त्याच टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्या माउलीची हजेरी कुणी घेतली, स्टिकर कुणी दिले?

तारण पावलेला
विषय भरकटतोय. मोदकावर धडा कशाला हवा? नाही म्हणायचं. मूर्तीला दाखवलेलं आपण खात नाही. पोराला हे घरात माहीत नसेल तर चूक आईबापाची.

वसईकर
इतकं सोपं असतं तर प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात हा अध्याय, १ करिंथ ८, लिहिलाच नसता. मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्लं तर काही वाढत नाही, न खाल्लं तर काही घटत नाही.

बाकी सक्तीनं भागतं असं वाटणाऱ्यांसाठी. आमच्याकडे कॅथलिकांत कॅटेकिजम, म्हणजे धर्मशिक्षण, दहावीपर्यंत, गैरहजर राहिलात की फादरांचा निरोप. निकाल काय? पहिल्या कम्युनिअनला, पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीला, हॉल, केटरर, आता तर ड्रोन. पोरगी नवरीसारखी सजते. पुढच्या रविवारी मिस्साच्या उपासनेला शोधून दाखवा. वसईतून पोर्तुगीज १७३९ ला गेले, श्रद्धा राहिली, ती वर्गात बसून राहिली नाही. संध्याकाळी दिवा लागला की आजी रोझरीची प्रार्थना सुरू करायची आणि सापडेल त्याचा कान धरायची.

तारण पावलेला
अर्धा अध्याय वाचला की असं होतं. पुढं तोच पौल म्हणतो, माझ्या खाण्यानं दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर मी खाणारच नाही.

दोन पोरांचा बाप
माझा किस्सा ऐका, मग करिंथ काढा. थोरला सात वर्षांचा असताना मे महिन्यात व्हीबीएसला, चर्चच्या सुट्टीतल्या बायबल वर्गाला, गेला. गणपतीत शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. हा दारात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "हे सैतानाचं आहे, आम्ही खात नाही." त्याला डेंग्यू झाला तेव्हा ह्याच काकू दवाखान्यात रात्रभर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा अजून आठवतो. काही बोलल्या नाहीत, ताटावर रुमाल ओढला आणि गेल्या.

मी हात जोडून त्यांच्याकडे गेलो. पुढच्या वर्षीपासून त्या पूजेच्या आधी पाच मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवतात. "दाखवलेले नाहीत हो," असं दारातच सांगतात. आता त्या व्हीबीएसच्या टीचरनं शिकवलेलं बरोबर, की काकूंचा डबा?

तारण पावलेला
ह्याला तडजोडीचं ख्रिस्तीपण म्हणतात. आधी डबा, मग आरती, मग नाक कशाला वर करायचं?

वसईकर
साहेब, तुमचं तारण होऊन किती वर्षं झाली? आमच्या घरात चारशे वर्षांची श्रद्धा आहे. शेजारी कसा जपायचा हे आम्हाला काल आलेल्यांनी शिकवू नये.

तारण पावलेला
सात वर्षं झाली. तुम्हाला श्रद्धा वारशात मिळाली, मला घर सोडून मिळाली. माझी आई दर चतुर्थीला एकवीस मोदक करते. सात वर्षांत मी त्यातला एक खाल्लेला नाही, आणि ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला आजीच्या हातचा मोदक का चालत नाही, हे मला दर वर्षी तिच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं. तुम्हाला हा करिंथकरांचा वाद असेल.

वसईकर
हे माहीत नव्हतं. 'काल आलेले' हा शब्द मागे घेतो. करिंथ मागे घेत नाही.

दोन पोरांचा बाप
तुमच्या आईला सांगून बघा ना, दोन वेगळे काढायला. मुलीसाठी.

तारण पावलेला
ती म्हणेल, देवाच्या आधी कुणाला देत नाही. ती पण माझ्यासारखीच आहे.

तबलजी
एवढं मोदकावर झालं, तबल्यावर कुणी बोलत नाही. एकेकाळी मिशन मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक काढायचं, मराठीत. आता माझ्या नातवाला देवनागरीत स्तोत्र २३ वाचता येत नाही, मेंढपाळाला 'मेंधपाल' म्हणतो. त्याला जिराफ काय आणि घोडा काय.

संडे स्कूल टीचर, २२ वर्षं
काका, नातू इंग्रजी शाळेत घातला कुणी? मी की ड्रमसेटनं?

रविवारी ड्यूटीवर
मूळ मुद्द्यावर येते. ज्येष्ठांनी अनुवाद काढला, मी इफिस ६:४ काढते. "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." बापांनो! आयांनो नाही. संडे स्कूलच्या दारात पोरांना सोडायला येतं कोण, तर आया, आज्या, आत्या. शिकवतं कोण? टीचर सगळ्या बाया. वडीलमंडळात खडू नाकारतं कोण, ते नको बोलायला. आणि काका, वडील कुठं होते ह्याचं उत्तर राहिलं.

जुना नगरवाला
वडील चावडीवर असायचे. गप्पा मारत. आम्ही झोपल्यावर यायचे.

लिहिताना हे डोक्यात नव्हतं, असं समजा. पण सगळा दोष मंडळीचा हे मी मरेपर्यंत मानणार नाही. आणि आमेन म्हणणाऱ्यांत निम्म्या बायाच होत्या, तेही मोजा. टीचरबाई, एवढीच अडचण असेल तर ह्या रविवारी मी येतो. तिसरी-चौथीची पोरं द्या माझ्याकडे. भजन शिकवतो, तबलजीला आणतो. कपाटाचं कुलूप तोडू.

संडे स्कूल टीचर, २२ वर्षं
कुलूप तोडायला वडीलमंडळाचा ठराव लागेल, आणि तुम्ही स्वतः त्यात आहात. नऊला या. नऊ म्हणजे नऊ. येताना झेरॉक्सचे पैसे आणा.