मदत हवी आहे : आईला उन्हाळी लागली की युरिन इन्फेक्शन झालंय?

नमस्कार, आम्ही रावेर तालुक्यातले. आई केळीच्या बागेत कामाला जाते. सध्या तिला लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं पण थेंब थेंबच होते. ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ दिसते. घरात सगळे म्हणतात उन्हाळी लागली, धन्याचं पाणी दे. देतेय, पण फरक नाही. बागेत आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. याचं फार वाईट वाटतं.

मुतखडा असता तर बहुधा कंबरेपासून जांघेकडे कळा आल्या असत्या. तशा नाहीत. खाज किंवा अंगावरून पांढरं जाणंही नाही. पण तिला शुगर आहे. शुगर वाढली की लघवी वारंवार होते, मात्र तेव्हा भरपूर होते ना? आणि शुगर असणाऱ्यांना हे इन्फेक्शन लवकर होतं असंही ऐकलंय.

थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर किडनीपर्यंत गेलं समजून लगेच दवाखाना गाठायचा, एवढं माहीत आहे.

मेडिकलवाले तपासणीशिवाय गोळ्या देऊ म्हणतात, मला ते पटत नाही. अँटिबायोटिकआधी कल्चरला (लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहायच्या तपासणीला) लघवीचा नमुना द्यायला हवा ना? एसटीने जळगावला नेईपर्यंत तो टिकेल, की लॅबमध्येच जाऊन द्यावा? इथल्या डॉक्टर, नर्सताईंनी कृपया सांगा. उद्या सकाळीच निघायचं आहे.