टर्बो बसवल्यानंतर मूळ ईसीयू रिमॅप करावा की स्वतंत्र ईसीयू घ्यावा?

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझ्या १.६ लिटर पेट्रोल गाडीला नंतर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवला असून कात्रजचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये नॉकिंगची (इंधन अवेळी पेटण्याची) टकटक ऐकू येते. मूळ ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) सॉफ्टवेअर बदलून घ्यावे, म्हणजे रिमॅप करावा, की स्वतंत्र ईसीयू बसवावा?

उत्तर १: तो आवाज थांबेपर्यंत कृपया बूस्ट (टर्बोचा वाढीव हवेचा दाब) देऊ नका, पिस्टन जाईल. टर्बो नसलेल्या गाडीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साधारण १ बारपर्यंतच दाब मोजतो, त्यामुळे बूस्ट ईसीयूला दिसतच नाही. सेन्सर व इंजेक्टर बदलून रिमॅप जमत असेल, तर एसी, मीटर आणि इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) जसेच्या तसे चालतात.

उत्तर २: मूळ सॉफ्टवेअरमध्ये बूस्टचे तक्ते वाढवता येत नसतील, तर स्वतंत्र ईसीयूच घ्या. माझ्या गाडीत मात्र थंडीतले कोल्ड स्टार्ट जुळवण्यात दोन हिवाळे गेले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लावून हवा-इंधनाचे मिश्रण तपासतो.