नाजूक तक्रार डॉक्टरांसमोर मांडायची कशी?

निनावी (प्रश्न)

माझे वय ४७ आहे. नऊ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि दर तीन महिन्यांनी मी न चुकता डॉक्टरांकडे जातो. गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही. आली तरी टिकत नाही, आणि पूर्वी पहाटे आपोआप जी ताठरता जाणवायची तीही आता क्वचितच जाणवते. पत्नीशी याबद्दल मी अजून नीट बोललेलो नाही. झोप आली आहे, उद्या लवकर उठायचे आहे, अशी कारणे सांगून वेळ मारून नेतो आणि नंतर बराच वेळ जागा राहतो.

गेल्या दोन्ही भेटींत डॉक्टरांना सांगायचेच असे ठरवून गेलो होतो. रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हातात आली, त्यांनी "आणखी काही?" असे विचारले आणि मी "नाही, बाकी ठीक आहे" म्हणून उठलो. दुसऱ्या वेळी दाराच्या कडीवर हात ठेवून क्षणभर थांबलोही होतो, पण तेवढ्यात पुढच्या रुग्णाला आत बोलावले गेले.

ही तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी, तिथे काय विचारतात आणि काय तपासतात, आणि तोंडातून शब्दच फुटत नसेल तर सुरुवात कशी करावी, हे कोणी सांगू शकेल का? जाहिरातींतल्या गोळ्या परस्पर मागवून पाहाव्यात असाही विचार मनात येतो. त्याबद्दल कृपया स्पष्ट मत द्यावे.

शल्यकर्मी

मी मूत्रविकार विभागात काम करतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे जिवाला धोका आहे. सिल्डेनाफिल आणि त्याच गटातील टाडालाफिल ही औषधे परिणामकारक आहेत. त्यांपैकी सिल्डेनाफिल १९९८ पासून वापरात आहे. मात्र छातीतील दुखण्यासाठी नायट्रेट गटाचे औषध घेणाऱ्याने ती घेतली, तर रक्तदाब एकाएकी जीवघेण्या पातळीपर्यंत कोसळू शकतो. 'पूर्णतः नैसर्गिक' असे छापलेल्या कित्येक कॅप्सूलांमध्ये हेच सिल्डेनाफिल न सांगता मिसळलेले असल्याचे औषध नियंत्रक यंत्रणांना वारंवार आढळले आहे. अशा वेळी पोटात काय गेले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि तो अत्यवस्थ झाल्यावर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही.

आता मूळ तक्रारीकडे वळतो. मज्जातंतूंमधून संदेश आला की शिश्नातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडते, त्यामुळे तेथील स्नायू सैल होतात, रक्त वेगाने आत येते आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. ताठरता येते ती अशी. म्हणून धमन्यांचे आरोग्य बिघडले की ही क्रिया लवकर बिघडते. शिश्नाच्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर असतो, तर हृदयाच्या मुख्य धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. दोन्हीकडे सारखाच थर साचत गेला तर अरुंद नळी आधी तक्रार करणार, आणि म्हणूनच अनेक पुरुषांमध्ये ही अडचण हृदयविकाराची लक्षणे दिसण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली असते. तुम्हाला हृदयविकार आहेच असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु नऊ वर्षांचा रक्तदाब, हळूहळू वाढलेली अडचण आणि पहाटेची ताठरताही कमी होणे, हे तीन मुद्दे एकत्र आले की कारण केवळ मनात नसून शरीरात असण्याची शक्यता वाढते. ती तपासली गेलीच पाहिजे.

सुरुवात तुमच्या नेहमीच्याच डॉक्टरांकडे करावी, कारण तुमच्या गोळ्यांची सगळी माहिती त्यांच्याकडे आहे. रक्तदाबाच्या काही औषधांचा, विशेषतः जुन्या बीटा-ब्लॉकर आणि थायाझाइड गटांतील औषधांचा, ताठरतेवर परिणाम होऊ शकतो आणि बहुतेक वेळा पर्यायी औषध देता येते. स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंद करू नका. पुढे गरज पडल्यास ते मूत्रविकारतज्ज्ञाकडे किंवा अंतःस्रावतज्ज्ञाकडे, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) तज्ज्ञाकडे, पाठवतील.

तक्रार कधीपासून आहे, ती अचानक आली की हळूहळू वाढली, इच्छा टिकून आहे का, धूम्रपान, मद्य, झोप आणि ताण यांची स्थिती काय आहे, हे विचारले जाते. पाच प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली असते. तिच्यात २५ पैकी २१ किंवा त्याहून कमी गुण आले तर पुढील तपासणीकडे वळतात. शारीरिक तपासणी काही मिनिटांची असते. रक्तदाब आणि जांघेतील नाडी पाहतात, वृषणांचा आकार पाहतात, शिश्नात कोठे कठीण गाठ लागते का हे चाचपतात. रक्तातील साखर, चरबी आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासतात. यांपैकी टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळीच द्यावा लागतो, आणि प्रमाण कमी आढळल्यास तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन खात्री केली जाते. एक भीती अनेकांच्या मनात असते आणि कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो: तपासणीच्या वेळी ताठरता आली तर ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि कोणताही डॉक्टर तिचा वेगळा अर्थ काढत नाही.

उशिरा गेलेला

शब्द फुटत नाही म्हणजे काय, हे मी जवळून अनुभवले आहे. माझ्या अग्रत्वचेवर लाली आणि बारीक चिरा पडत होत्या. दुकानातून मलम आणायचे, आठवडाभर बरे वाटायचे, पुन्हा चिरा पडायच्या. असे मी जवळजवळ चौदा महिने दुखणे अंगावर काढले. शेवटी त्वचा मागे सरकेनाशी झाली आणि लघवी करताना आग होऊ लागली, तेव्हा गेलो.

मी जे केले ते सांगतो. आदल्या रात्री चिठ्ठी लिहिली. पहिल्यांदा लिहिले "खाली थोडा त्रास आहे", मग ते खोडले. दुसऱ्यांदा "खाजगी भागात समस्या", तेही खोडले, कारण त्यावरून डॉक्टरांना काहीच कळले नसते. शेवटी लिहिले: "लिंगाच्या पुढच्या त्वचेला चिरा पडतात, चौदा महिन्यांपासून; त्वचा मागे सरकत नाही; लघवीला आग होते; दोन मलमे लावून पाहिली." तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खुर्चीवर बसताच, नमस्कारानंतर लगेच, टेबलावर सरकवला. डॉक्टरांनी वाचला, चष्मा सारखा केला आणि विचारले, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" मी चार वेळा म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि साखर ३०० च्या वर निघाली. माझ्या चिरा बुरशीच्या संसर्गाने पडत होत्या; मधुमेह असलेल्यांना तो वारंवार होतो आणि काही वेळा मधुमेहाचा पत्ता असाच लागतो, हे मला त्या दिवशी समजले.

चिठ्ठी शेवटी देऊ नका, सुरुवातीलाच द्या, एवढे मी आग्रहाने सांगेन. उठता उठता सांगितलेल्या गोष्टीला डॉक्टरांकडे वेळ उरलेला नसतो, आणि आपल्यालाही मनातून ते टळलेलेच हवे असते.

सहचारिणी

या चर्चेत स्त्रीने लिहावे की नाही याचा विचार करत होते. आमच्या घरी हेच घडले. माझे पती दीड वर्ष कारणे सांगत राहिले, आणि मी एवढेच समजले की त्यांना आता माझ्यात रस उरलेला नाही. आजार आहे हे कळले असते तर मी तो सोसला असता. पण तो सगळा काळ मी स्वतःमध्येच उणीव शोधत राहिले. पुढे ते एका डॉक्टरांकडे गेले, आणि त्यांनी "या वयात असे चालायचेच" असे म्हणून दोन मिनिटांत परत पाठवले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ या असे मीच सुचवले आणि सोबत गेले. तुम्ही पत्नीला डॉक्टरांच्या आधी सांगा किंवा नंतर, पण सांगा.

पंचविशीतला

धागा थोडा वेगळीकडे नेतो, त्याबद्दल क्षमस्व. माझ्या उजव्या वृषणाला वाटाण्याएवढी कडक गाठ लागते. दुखत अजिबात नाही, म्हणून महिनाभर थांबलो आहे. आणखी वाट पाहावी का?

शल्यकर्मी

नाही, या आठवड्यातच दाखवून घ्या. दुखत नाही हे इथे दिलासा देणारे लक्षण नाही. वृषणाचा कर्करोग मुख्यतः १५ ते ३५ या वयोगटात आढळतो आणि बहुधा न दुखणाऱ्या गाठीच्या रूपानेच समोर येतो. वृषणाबाहेरची साधी पाण्याची गाठ असण्याची शक्यताही आहे, पण दोन्हींतला फरक सोनोग्राफीनेच नीट कळतो, आणि ती तपासणी वेदनारहित असते. कर्करोग निघालाच तरी वेळेवर उपचार झाल्यास बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात.

याच ओघात, एक दिवसही थांबू नये अशा तक्रारी नोंदवतो. वृषणात अचानक असह्य वेदना उठली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तो साधारण सहा तासांच्या आत सोडवला तरच वृषण वाचण्याची चांगली आशा असते. मध्यरात्र असली तरी निघावे. ताठरता चार तासांहून अधिक काळ उतरली नाही, किंवा मागे सरकवलेली अग्रत्वचा अडकून पुढचा भाग सुजला, तरीही तातडीच्या विभागात जावे. व्रण किंवा स्राव असेल तर त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञाकडे जावे. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत उपचाराविनाच भरून येतो, परंतु रोग शरीरात तसाच राहतो. म्हणून व्रण गेला, आता काय दाखवायचे, असे म्हणू नये. तिथे जोडीदाराचीही तपासणी करावी लागते.

निनावी

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पत्नीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने विचारले, "किती दिवस एकट्यानेच हे वागवत होतास?" आज सकाळी आम्ही दोघे गेलो. चिठ्ठी मी बसताक्षणी दिली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, रक्तदाबाच्या गोळीचे नाव पाहिले आणि ती बदलून दिली. ताठरतेसाठी औषध मात्र लगेच दिले नाही. आधी हृदयाची चालण्याची चाचणी (सरकत्या पट्ट्यावर चालवून घेतात ती) करून घेऊ, असे त्यांचे म्हणणे पडले. साखर, चरबी आणि टेस्टोस्टेरॉनसाठी उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे आहे आणि चालण्याची चाचणी मंगळवारी आहे. अहवाल आले की इथेच लिहितो.