सीझियमचा A 1400 च्या आसपासच का अडकतोय?

राजारामपुरीकर: एमएस्सीच्या प्रोजेक्टला सीझियम-133 च्या 6s (सगळ्यात बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन) चा हायपरफाइन स्थिरांक A काढतोय, म्हणजे केंद्रकाच्या चुंबकत्वामुळं ऊर्जापातळी किती फुटते त्याचं माप. डिरॅक-फॉकनं (प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी क्षेत्रात धरणारी सापेक्षतावादी पद्धत) 1425 मेगाहर्ट्झच्या आसपास येतंय, प्रयोगाचा आकडा 2298. बेसिस (वेव्हफंक्शन ज्यातून बांधतो तो फंक्शन्सचा संच) वाढवला तरी ढिम्म. रूमवरचा लॅपटॉप मात्र तव्यासारखा तापतोय.

रंकाळा_कट्टा: भावा, बेसिसला कशाला शिव्या? डिरॅक-फॉकमध्ये एवढंच येतंय. उरलेलं सगळं इलेक्ट्रॉन कोरिलेशन, म्हणजे सरासरीत न सापडणारा इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम: एकट्या 6s मुळं आतली भरलेली कवचं किंचित ध्रुवीत होतात, वर इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचा परिणाम. कपल्ड क्लस्टर (हे कोरिलेशन धरणारी पद्धत) लाव, खूप जवळ जाशील. फक्त आतली कवचं गोठवू नकोस.

गारगोटीवाला: स्यूडोपोटेन्शियल (आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी घातलेलं सोपं क्षेत्र) नाही ना वापरलंस? A ठरतो केंद्रकाजवळच्या वेव्हफंक्शनवर, आणि नेमका तोच भाग त्यात गुळगुळीत केलेला असतो. मोठ्या घातांकाची s, p फंक्शन्स हवीतच. केंद्रकही बिंदू धरू नकोस.

राजारामपुरीकर: नाही, सगळे 55 इलेक्ट्रॉन घेतलेत. पण कपल्ड क्लस्टर या डबड्यावर चालंल?

रंकाळा_कट्टा: न्हाई चालत. विद्यापीठात मशीन मिळतंय का बघ. तोवर सोडियम-23 चं 3s कर, 11 च इलेक्ट्रॉन, प्रयोगाचा A 885.8. आणि सीझियमच्या 2298.158 ला 4 नं गुणून बघ, फुटलेल्या दोन पातळ्यांतलं अंतर मिळतं: सेकंदाच्या व्याख्येतलं 9192.63 मेगाहर्ट्झ येतंय. लई भारी वाटतं!