रोजच्या कामासाठी कमांड लाइन शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

सुखदा_एस: नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर उबुंटू आहे, पण सगळं काम माउसनेच चालतं. फोटोंची नावं एका दमात बदलणं, जुन्या फायली शोधणं, पेन ड्राइव्हवर बॅकअप घेणं, एवढं टर्मिनलमधून जमायला हवं. प्रोग्रामिंग शिकायचं नाही. रोज फार तर वीस मिनिटं देता येतील आणि नवीन काही विकत घ्यायचं नाही. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड समजून चालवणारा प्रोग्राम, कुठला घेऊ: बॅश, झेडएसएच की फिश?

जुना_खांब: बॅश. दुसरा विचारच नको. १९८९ पासून आहे, बहुतेक लिनक्सवर आधीपासून असतो. आधी मॅन पानं, म्हणजे प्रत्येक कमांडची टर्मिनलमधलीच माहितीपुस्तिका, वाचून काढा, मग मजकूर शोधणारी-बदलणारी ग्रेप, सेड, ऑक ही साधनं. रोज दोन तास बसलात तर वर्षभरात हात बसेल.

सफरचंद: मी मॅक घेतला आणि सुटलो. झेडएसएच तयारच मिळतो, रंगीत प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारी खूण) लावला की बघत राहावंसं वाटतं. मॅकच घ्या.

जुना_खांब: झेडएसएच मॅकवर २०१९ पासून डीफॉल्ट आहे. त्याआधी तिथेही बॅशच होता.

सफरचंद: आणि तो ३.२ या जुन्या आवृत्तीवर अडकलेला, तेही सांगा की!

खिडकीतून: मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलचं नाव कुणीच कसं घेत नाही? २०१६ पासून ओपन सोर्स आहे, लिनक्सवरही चालतो.

पाटी_पेन्सिल: धागाकर्तीने उबुंटू म्हटलंय, वीस मिनिटं म्हटलंय. त्यावर बोलूया का?

सुखदाताई, पहिल्या आठवड्यात शेल कुठला हा प्रश्न गौण आहे. पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरात आहोत), सीडी (फोल्डर बदलणं), एलएस (फायलींची यादी), सीपी (कॉपी), एमव्ही (फाइल हलवणं किंवा नाव बदलणं) यांवर हात बसवा. नाव अर्धवट लिहून टॅब दाबा, पुढचं तो पुरं करतो. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सीने कॉपी होत नाही, चालू कमांड थांबते. कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी.

फायलींच्या नावातली मोकळी जागा जपा. 'सहल फोटो.जेपीजी' अवतरणचिन्हांशिवाय लिहिलंत तर शेलला त्या 'सहल' आणि 'फोटो.जेपीजी' अशा दोन फायली वाटतात. हीच कमांड फाइल पुसणारी आरएम असेल तर भलतीच फाइल जाऊ शकते, आणि आरएमने उडवलेलं कचरापेटीत जात नाही.

धडा_मिळाला: +१. आमच्या ऑफिसात एकाने फोटोंची नावं बदलताना सगळ्यांना एकच नाव दिलं. एमव्ही न विचारता आधीच्या फाइलवर नवी फाइल बसवतो. शेवटचा एकच फोटो उरला, बॅकअप नव्हता.

जुना_खांब: म्हणूनच म्हणतो, आधी मॅन पानं.

पाटी_पेन्सिल: मॅन पानाने हे टळत नाही, सवयीने टळतं. लूप (एकच कमांड एकेका फाइलवर आळीपाळीने चालवणारी रचना) लिहिताना एमव्हीच्या आधी इको लिहा. मग काहीच बदलत नाही, काय बदलणार आहे त्याची यादी फक्त छापून येते. ती डोळ्यांखालून घाला, पटली की इको काढा. एमव्हीला -आय लावला तर जुन्या फाइलवर जाण्याआधी विचारतो. बॅकअपला फायली दुसरीकडे उतरवणारी आरसिंक, आणि पहिल्यांदा -एन आणि -व्ही लावून. तोही नुसतं दाखवतो.

सफरचंद: आरसिंक मस्तच. मॅकवरही आहे.

निळा_मासा: फिश वापरून बघा. टाइप करतानाच जुनी कमांड फिकट अक्षरांत सुचवतो, उजवा बाण दाबला की पुरी होते. चुकीची कमांड लाल दिसते. काही सेट करावं लागत नाही.

जुना_खांब: आणि नेटवरून उचललेली बॅशची लूप त्यात चालत नाही, हे कोण सांगणार? नवशिक्याला फिश देऊ नये.

पाटी_पेन्सिल: इथे खांबसाहेबांशी सहमत. फिशमध्ये लूप 'एंड'ने संपते, बॅशमध्ये 'डन'ने. शिकताना बॅशच बरा.

कोपऱ्यातून: वाचनखूण साठवली. अवांतर: टीएलडीआर नावाचं साधन टाकून घ्या, प्रत्येक कमांडची मोजकी उदाहरणं दाखवतं.

सुखदा_एस: सगळ्यांचे आभार. मी फिश टाकला! चुकलेली कमांड एंटर दाबायच्या आधीच लाल दिसते, मला तेच हवं होतं. डीफॉल्ट शेल बॅशच ठेवलाय. टर्मिनल उघडून 'फिश' लिहिते, लूप उतरवून घ्यायची असेल तर 'एक्झिट' करून बॅशमध्ये येते. इकोवाली युक्ती सहलीच्या फोटोंवर चालवली. यादीत दोन नावं सारखी येत होती, ती आधी बदलली. आता आरसिंकला -एन लावून बघते.

जुना_खांब: महिन्याभरात बॅशवर याल.