आइन्स्टाइनला रिलेटिव्हिटीसाठी नोबेल का दिलं नाही?

टिळकवाडीकर
आमचं पोरगं नववीला आहे, शाळेच्या क्विझमध्ये प्रश्न आला की आइन्स्टाइनला नोबेल कशासाठी, यानं बिनधास्त रिलेटिव्हिटी (सापेक्षतावाद) लिहिलं आणि चूक मिळाली, घरी येऊन माझ्यावरच चिडलाय कारण मीच तसं सांगितलेलं. आता बघतोय तर खरंच फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, म्हणजे उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात ते. पण रिलेटिव्हिटी १९१९ च्या सूर्यग्रहणात सिद्ध झाली होती न्हवं, मग का नाही दिलं? कुणीतरी नीट सांगा की.

खानापूर_रोड
ज्यू होता म्हणून, दुसरं काय. जर्मनीचा फिजिक्सवाला लेनार्ड, स्वतः नोबेलवाला, तो तर हात धुवून मागं लागलेला.

निपाणीचा मास्तर
लेनार्डचा द्वेष खराच, १९२० मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला दोघांची भर सभेत जुंपली होती. पण निर्णय स्टॉकहोमला होतो आणि तिथं आडवा आला गुलस्ट्रँड, डोळ्यांचा डॉक्टर बघा, १९११ चं मेडिसिनचं नोबेल त्याला आणि बसलेला फिजिक्सच्या समितीत! १९२१ साली त्यानं रिलेटिव्हिटीविरुद्ध भलामोठा रिपोर्ट लिहिला. मग त्या वर्षी फिजिक्सचं नोबेल कुणालाच नाही, राखून ठेवलं. १९२२ मध्ये ओसीन नावाचा स्वीडिश फिजिक्सवाला समितीत आला, त्यानं युक्ती केली, थिअरीचं नावच काढायचं नाही, फोटोइलेक्ट्रिकच्या *नियमा*साठी द्यायचं. तसं १९२१ चं आइन्स्टाइनला आणि १९२२ चं नील्स बोरला (अणूच्या रचनेवाला), दोन्ही एकदमच जाहीर झाली. आइन्स्टाइनसाहेब तेव्हा जपानच्या वाटेवर बोटीत. पुढं १९२३ च्या जुलैत गोटेनबर्गला नोबेलचं भाषण दिलं, ते मात्र रिलेटिव्हिटीवरच 😄

आणि ग्रहणाचं म्हणाल तर, सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा उजेड आइन्स्टाइनच्या हिशोबानं १.७५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद) वळतो की न्यूटनच्या हिशोबानं त्याच्या निम्मा, एवढ्या बारीक फरकावर सगळा खेळ, त्यात ग्रहणाचे फोटो काढायला गेलेल्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनला आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिप बेटावर ढगांनी छळलेलं. शंका घेणारे सगळेच दुष्ट न्हवते.

शहापूर गल्ली
मास्तर, एक राहिलं. 'सेफ' म्हणून जे निवडलं तेही वादातच होतं की! फोटोइलेक्ट्रिकचं कारण म्हणून आइन्स्टाइननं सांगितलेलं, प्रकाश कणांनी येतो, हे तेव्हा बऱ्याच जणांना पटत न्हवतं. अमेरिकेच्या मिलिकननं कित्येक वर्षं घासून प्रयोग केले, १९१६ ला आइन्स्टाइनचं समीकरण बरोबर निघालं तरी गडी प्रकाशाचे कण मानायला तयार नाही. म्हणून तर नियमाला बक्षीस, कणांना नाही.

बाकी आज फोनचं जीपीएस बघा, सॅटेलाइटचं घड्याळ रिलेटिव्हिटीमुळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतंय, ते दुरुस्त केलं नाही तर अंतराचा हिशोब दिवसात ११ किमीनं चुकेल, म्हणजे साधारण टिळकवाडीपासून देसूरएवढी चूक.

निपाणीचा मास्तर
होय की. आणि गंमत म्हणजे विरोध करता करता गुलस्ट्रँडनं १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या रिलेटिव्हिटीच्याच समीकरणांचं जे उत्तर काढलं, ते आज ब्लॅक होल शिकवायला वापरतात, त्याच्याच नावानं.

टिळकवाडीकर
पोराला सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणतोय, "पण बाबा, मार्क गेले ते गेलेच की."